जेरुसलेमच्या मंदिराची चित्रपरंपरा आणि कोकणचे बेने इस्राएल

इ. स. १८७४ मध्ये पुण्यास एक सचित्र पुस्तक छापले गेले. मूळ हिब्रू, भाषांतर मराठी. पुस्तकाचे नाव हग्गादा. मिसर देशाच्या दास्यातून इस्राएल लोक सुटले ती कथा वल्हांडण सणाच्या रात्री यहुदी कुटुंबात जेवणाच्या वेळी वाचली जाते, आणि ज्या पोथीवरून ती वाचावयाची ती हग्गादा. मराठी भाषांतरासह अशी हग्गादा त्यापूर्वी १८४६ साली मुंबईस शिळाछापावर निघालेली होती. परंतु पुण्याच्या पुस्तकातील एक चित्र आम्हांस विशेष वाटते. त्यात सणाच्या बेखमीर भाकऱ्या करण्याचे काम चालले आहे आणि ते करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर साड्या आहेत. शेकडो वर्षे युरोपात छापल्या गेलेल्या हग्गादांतून हेच काम करणाऱ्या बाया युरोपी वेषात दिसतात. पुण्याच्या चित्रकाराने त्यांना आपल्या आळीतल्या बाया केले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची चित्रशाळा निघण्यास तेव्हा अजून चार वर्षांचा अवकाश होता, हे लक्षात घेतले म्हणजे मराठी मुलखातील सचित्र छपाईच्या इतिहासातही या पुस्तकास जागा दिली पाहिजे असे आम्हांस वाटते. ती अद्याप कोणी दिलेली आमच्या पाहण्यात नाही.

ही पोथी वाचून संपते तेव्हा जमलेले सर्वजण पुढल्या वर्षी जेरुसलेमेत असण्याची इच्छा बोलून दाखवितात. पुण्यात, पनवेलीस, अलिबागेस, पेणेस ही इच्छा मराठी भाषेचे बोल ज्यांच्या तोंडी रुळले होते अशी माणसे दरवर्षी बोलत आली. त्यांच्यापैकी बहुतेकांनी जेरुसलेम पाहिलेले नव्हते. मग तो शब्द उच्चारताना त्यांच्या डोळ्यांपुढे नेमके काय उभे राहत असेल? या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता, ज्यांनी ते स्थळ पाहिले नाही अशांनीच त्याची अधिकांत अधिक चित्रे काढली, असे आढळून येते. प्रस्तुत लेखात त्या चित्रपरंपरेचा थोडा मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. आज जगभर ज्या भिंतीची छायाचित्रे दिसतात ती मंदिराची भिंत नव्हे. हेरोद राजाने इ. स. पूर्व २० च्या सुमारास मंदिराची पुनर्रचना आरंभिली, तेव्हा टेकडीचा माथा वाढविण्यासाठी चारी अंगांनी प्रचंड दगडांचे तट बांधून आत भराव घातला. आमच्याकडील डोंगरी किल्ल्यावर उताराच्या बाजूस तट बांधून सपाटी साधतात, तसाच हा प्रकार. इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटस याने मंदिर जाळून उद्ध्वस्त केले. वर उभे असलेले देवालय गेले, खालचा तट राहिला. त्या तटाचा पश्चिमेकडील काही भाग म्हणजे हल्लीची पश्चिम भिंत. देवळाचा मागमूस नाही आणि त्याच्या जोत्यापाशी लोक प्रार्थना करतात, अशी ही स्थिती आहे. जे दिसते ते पवित्र स्थळाचे केवळ कडेचे बांधकाम आणि जे पवित्र ते दिसत नाही. त्यामुळे चित्रकारापुढे पहिल्यापासूनच अडचण होती.

दुसरी अडचण धर्माज्ञेची. मूर्ती करू नये ही आज्ञा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तलमुदात याहून बारीक निर्बंध आहे. मंदिराच्या नमुन्याबरहुकूम घर बांधू नये, तेथील सप्तशाखी दीपवृक्षासारखा दीपवृक्ष करू नये. अर्थात निषेध आहे तो प्रतिकृतीचा. ही मर्यादा सांभाळून, किंवा तिच्या कडेकडेने चालत, निरनिराळ्या काळच्या लोकांनी जे मार्ग काढले ते पाहण्यासारखे आहेत.

मंदिराचा नाश झाल्यानंतरचे एक ठळक चित्र शत्रूने कोरविले. रोममध्ये इ. स. ८१ च्या सुमारास उभारलेल्या टायटसच्या कमानीवर, लुटून नेलेला दीपवृक्ष खांद्यावर घेऊन चाललेले सैनिक दिसतात. मंदिर कसे दिसे हे त्यावरून कळत नाही, ते कसे लुटले गेले हे कळते. याच्या उलट टोकास इ. स. १३२ ते १३५ या काळातील बार कोखबाच्या बंडाची नाणी. बंडखोरांनी रोमन नाणी घेऊन त्यांवरच आपला ठसा मारला, आणि त्यांच्या मोठ्या चांदीच्या नाण्यावर चार खांबांचे मंदिर काढले. मंदिर पडून तेव्हा साठ वर्षे उलटली होती. जी इमारत नाही ती नाण्यावर काढणे म्हणजे ती पुन्हा बांधणार अशी ग्वाही देणे. ते बंड चिरडले गेले, नाणी उरली.

यानंतरचा मोठा पुरावा १९३२ साली सिरियातील दुरा-युरोपस येथे उकरून काढलेल्या सभास्थानाचा. इ. स. २४४–४५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या सभास्थानाच्या भिंती चित्रांनी भरलेल्या निघाल्या, तेव्हा यहुदी धर्म आणि चित्रकला यांचा उभा दावा आहे असे मानणाऱ्या विद्वानांस आपली मते तपासून पाहावी लागली. धर्मग्रंथ ठेवण्याच्या कोनाड्यावर खांबांचे मंदिर आहे, शेजारी दीपवृक्ष आहे, पलीकडे अब्राहाम आपल्या पुत्राचा बळी देण्यास सिद्ध झाला तो प्रसंग आहे. हा कोनाडा जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीत आहे. चित्र आणि दिशा यांची येथे जी सांगड पडली ती पुढे सुटली नाही. युरोपातील यहुदी घरांतून पूर्वेकडील भिंतीवर जेरुसलेमचे चित्र अथवा हिब्रू अक्षरांची नक्षी असलेला फलक लावण्याची चाल पडली ती याच विचाराने.

मध्ययुगात स्पेन आणि कातालोनिया या प्रदेशांत लिहिल्या गेलेल्या हिब्रू बायबलांनी आणखी निराळी वाट धरली. त्यांच्या आरंभीच्या पानांवर सोन्याच्या वर्खात मंदिरातील उपकरणे मांडलेली असतात: दीपवृक्ष, समर्पित भाकरींचे मेज, वेदी, धूपपात्रे, कर्णे. इमारत जवळजवळ नाहीच. देवघरातील पळी, पंचपात्र, समई, घंटा एका पाटावर मांडून ठेवावी आणि देव्हारा मात्र दाखवू नये, तसे हे दिसते. या ग्रंथालाच ते लोक ‘देवाचे मंदिर’ म्हणत. दगडाचे मंदिर गेले, आता ग्रंथ हेच मंदिर. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, मैमोनिदीस या तत्त्वज्ञाने आपल्या मिश्नाभाष्याच्या हस्तलिखितात मंदिराचा नकाशा स्वहस्ते काढला. ती रेखाटने ओबडधोबड आहेत. परंतु वाक्याने जे समजत नाही ते रेघेने समजवावे, एवढाच त्यांचा हेतू होता. शिक्षकाने फळ्यावर काढलेल्या आकृतीची जात त्यांची आहे. मंदिराच्या सर्व चित्रांत आम्हांस हीच सर्वांत प्रामाणिक वाटतात.

दरम्यान टेकडीवर एक नवी वास्तू उभी राहिली होती. खलिफा अब्दुल मलिक याच्या कारकीर्दीत, इ. स. ६९१–९२ मध्ये, तेथे अष्टकोनी घुमटाची इमारत पूर्ण झाली. क्रुसेडर जेरुसलेमेत आले तेव्हा त्यांनी तिलाच प्रभूचे मंदिर म्हटले, आणि तेथून चित्रकलेच्या इतिहासातील एक मोठी गंमत सुरू झाली. युरोपातील चित्रकार सॉलोमनचे मंदिर म्हणून हा इस्लामी घुमट काढू लागले. १४९३ च्या न्यूरेंबर्ग येथील सुप्रसिद्ध सचित्र इतिहासग्रंथात शहराच्या मध्यभागी तो आहे. राफाएलने १५०४ मध्ये मेरीच्या विवाहाचे चित्र काढले, त्यात मागे उभे असलेले बहुकोनी, घुमटाचे मंदिर याच कल्पनेतून आले. त्याहून चमत्कारिक गोष्ट ही की, व्हेनिसमध्ये १५४५ च्या सुमारास हिब्रू ग्रंथ छापू लागलेल्या मार्को अंतोनिओ ज्युस्तिनिआनी या मुद्रकाने आपले मुद्राचिन्ह म्हणून हाच घुमट निवडला व त्याला मंदिर असे नाव दिले. त्याच्या छापखान्यातील ग्रंथ दूरदूरच्या यहुदी वस्त्यांत गेले, आणि त्यांबरोबर हे चित्रही गेले. मुसलमानांनी बांधलेली वास्तू, ख्रिस्त्यांनी दिलेले नाव, यहुद्यांच्या पोथीवरील शिक्का! वास्तूवरून आज चालणारे तंटे ऐकताना या छोट्या ठशाची आठवण होते.

सतराव्या शतकात ॲम्स्टरडॅममधील याकोब येहुदा लेओन या गृहस्थाने ग्रंथांतील मापे जुळवून मंदिराची लाकडी प्रतिकृती केली आणि १६४२ मध्ये तिचे वर्णन छापले. लोक ती पैसे देऊन पाहावयास येत. त्या गृहस्थास ‘टेम्पलो’ हे आडनावच पडले. प्रतिकृतीविषयीचा जुना निर्बंध खेळण्याच्या आकाराला लागू नाही, असे बहुधा सर्वांनी धरून चालावयाचे ठरविले असावे. त्याच शहरात १६९५ मध्ये निघालेल्या हग्गादेत ताम्रपटावरील चित्रे प्रथम आली. त्यांचा कोरक अब्राहाम बार याकोब हा धर्मांतर करून यहुदी झालेला होता आणि त्याने माथेउस मेरिअन याच्या ख्रिस्ती सचित्र बायबलातील चित्रे सर्रास उचलली. शेवटी मंदिराचे चित्र व पवित्र भूमीचा नकाशा. ही हग्गादा पुढील दीडदोनशे वर्षे जिकडे तिकडे नकलली गेली. पुण्याचे १८७४ चे पुस्तक याच सचित्र पोथ्यांच्या मोठ्या कुळातील एक. त्या कुळात साडी नेसून येणारी ती पोथी पहिल्या काहींपैकी, एवढे खास.

आता भिंतीकडे वळू. नवल असे की एकोणिसाव्या शतकापूर्वी या भिंतीची चित्रे फार थोडी आहेत. चित्रकारांना मंदिर हवे होते, त्याचा उरलेला तट नव्हे. जेरुसलेममधील यहुदी गरीब होते. त्यांच्या निर्वाहाकरिता वर्गणी गोळा करणारे दूत बगदाद, एडन, कोचीन, मुंबईपर्यंत येत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आलेला याकोब साफीर हा अशांपैकीच एक. त्याने आपल्या प्रवासाचा मोठा ग्रंथ लिहिला. अशा देवघेवीच्या निमित्ताने जेरुसलेममध्ये छापलेली साधी चित्रे देशोदेशी पोचू लागली. त्यांची एक ठरीव मांडणी असे. मधोमध दगडांच्या समांतर ओळींची भिंत, वर सुरूची झाडे, एका बाजूस मोठा घुमट आणि त्यावर ‘मंदिराची जागा’, दुसऱ्या बाजूस अल-अक्सा मशीद आणि तिच्यावर ‘सॉलोमनची पाठशाळा’ अशी हिब्रू अक्षरे. उंची, अंतर, छायाप्रकाश यांचा पत्ता नाही. आमच्याकडे आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत मिळणाऱ्या पंढरपूरच्या चित्रांतही चंद्रभागा, घाट, पुंडलिकाचे देऊळ व महाद्वार ही सर्व एकाच वेळी, प्रत्येक आपापल्या तोंडाने आपणांकडे पाहत असतात. बेळगाव-निपाणीकडच्या ज्या घरांतून वारीला माणूस जातो, त्या घरात या जातीचे चित्र कोणी चुकीचे म्हणत नाही. कारण ते डोळ्यांनी पाहिलेले स्थळ दाखवीतच नाही, ते मनाने करावयाच्या प्रदक्षिणेचा क्रम दाखविते.

याच सुमारास युरोपातील कसलेले चित्रकार तेथे येऊ लागले. फ्रेंच चित्रकार जेरोम, पुढे जेरुसलेममध्येच स्थायिक झालेला जर्मन बाउअर्नफाइंड, आणि रशियन वेरेश्चागिन यांची भिंतीची चित्रे प्रसिद्ध आहेत. वेरेश्चागिन आपल्या वाचकांस अगदी परका नाही. सत्तावनच्या उठावातील बंडवाल्यांना तोफेच्या तोंडी देण्याचे चित्र काढून इंग्रजांचा रोष ओढवून घेणारा तो हाच, आणि हिंदुस्थानात तो दोन वेळा हिंडून गेला होता. या मंडळींनी दगडाचा पोत, उन्हाची तिरीप, म्हाताऱ्यांचे अंगरखे हे सर्व हुबेहूब उतरविले. तथापि त्यांच्या चित्रांत भिंत प्रचंड, माणसे लहान, आणि आकाश असले तर चिंधीएवढे, असे जे वारंवार दिसते त्याचे कारण केवळ भक्तिभाव नव्हे. भिंतीसमोर तेव्हा मोकळी जागाच नव्हती. सुमारे अठ्ठावीस मीटर लांब आणि साडेतीन मीटरच्या आसपास रुंद अशी ती एक बोळ होती. पलीकडे मगरिबी मुसलमानांची वस्ती. मागे सरून भिंत समोरून पाहण्याची सोय नसल्याने चित्रकार बोळीच्या टोकास उभा राही आणि तिरकस काढी. छायाचित्रकारांचीही तीच गत. ऑग्युस्त साल्झमान याने १८५४ मध्ये जेरुसलेमच्या वास्तूंची छायाचित्रे घेतली तेव्हापासून पुढे शंभर वर्षे भिंतीचे चित्र बहुधा कडेनेच घेतलेले दिसते.

१९४८ ते १९६७ या काळात जुने शहर जॉर्डनच्या ताब्यात होते आणि यहुद्यांस तेथे जाता येत नव्हते. मार्क शागाल १९३१ मध्ये तेथे जाऊन आला होता आणि १९३२ मध्ये त्याने भिंतीचे चित्र काढले. या बंदीच्या काळात असल्याच चित्रांवर लोकांस समाधान मानावे लागले. जून १९६७ मध्ये इस्राएली सैन्य भिंतीपाशी पोचले, तेव्हा डेव्हिड रुबिंगर याने वर पाहणाऱ्या तीन सैनिकांचे जे छायाचित्र घेतले ते जगभर गेले. बोळ अरुंद म्हणून त्याला जमिनीवर आडवे पडून ते घ्यावे लागले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मगरिबी वस्तीतील घरे पाडून पटांगण करण्यात आले. भिंतीचे समोरून घेतलेले, रुंद, मोकळे छायाचित्र तेव्हापासूनचे आहे. त्या मोकळ्या जागेत पूर्वी कोणाची घरे होती हे छायाचित्र सांगत नाही. आमच्या मते या बाबतीत ती जुनी भाबडी छापील चित्रे अधिक सरळ होती. दुसऱ्यांच्या घुमटांना त्यांनी आपली नावे दिली हे खरे, परंतु घुमट पुसून टाकले नाहीत.

हा सर्व पसारा सांगितल्यावर कोकणाकडे परत येणे सोपे जाते. बेने इस्राएलांची परंपरागत कथा अशी की अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात स्त्रिया व सात पुरुष तेवढे वाचले. पोथ्या समुद्रात गेल्या. तेलाचा घाणा, शनिवारची सुटी यांवरून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. त्यांच्या सभास्थानाला ते स्वतः मशीद म्हणत. पुण्यात १८६७ मध्ये पुऱ्या झालेल्या, उंच मनोऱ्याच्या सभास्थानाला गावकऱ्यांनी लाल देऊळ म्हटले. दोन्ही नावे आपल्या भाषेने दिली आणि कोणास त्यात वावगे वाटले नाही. युरोपातील यहुदी पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतो. आपल्याकडील यहुदी पश्चिमेकडे. धर्मग्रंथांचे कपाट पश्चिमेच्या भिंतीस असते. अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूस तर पश्चिम म्हणजे समुद्र, म्हणजे ज्या वाटेने पूर्वज आले असे सांगतात तीच वाट. चित्र नसले तरी चालावे अशी ही दिशा आहे.

मंदिराच्या विध्वंसाचा शोक करण्याचा जो आब महिन्याच्या नवमीचा उपवास, तो कोकणात बिरड्याच्या नावाने ओळखला जाई. जेरुसलेमच्या जळालेल्या मंदिराची आठवण मोड आलेल्या कडधान्यात! हैम शमुवेल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेलेला आपल्या समाजाचा इतिहास या जुन्या चालीरीतींसाठी आजही मुळातून वाचावा असा आहे.

आणि खंडाळा. हा बोरघाटातील खंडाळा नव्हे, अलिबागेजवळचा. तेथे एका खडकावर काही खुणा आहेत. त्या एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या चाकांच्या व घोड्यांच्या टापांच्या, असे बेने इस्राएल मानतात. बायबलाच्या कथेप्रमाणे एलियाहू यार्देन नदीपलीकडून अग्निरथात बसून स्वर्गास गेला. कोकणच्या श्रद्धेने त्या रथाला येथे टेकविले. एलियाहूच्या नावाने मलिद्याचा विधी होतो. भिजवलेले पोहे, गोड, खोबरे, वर फळे, असे ताट. झाडांच्या नववर्षाच्या सणाला एलियाहू हन्नबीचा उरूस हे नाव. मशीद, उरूस, मलिदा: शेजाऱ्याच्या घरचे शब्द, आणि त्यांत बसविलेला संदेष्टा यहुदी. घरांतून भिंतीवर एलियाहूचे छापील चित्र असते, पांढऱ्या दाढीचा वृद्ध, अग्नीचे घोडे, वर उचलला जाणारा रथ. एस्थर डेव्हिड यांच्या कादंबऱ्यांतून हे चित्र आणि हा विधी इंग्रजी वाचकांपर्यंत पोचला. त्यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चित्रकलेत मुंबईस जन्मलेल्या आणि अमेरिकेत राहणाऱ्या सिओना बेंजामिन यांनी निळ्या कांतीच्या स्त्रिया लघुचित्रांच्या धर्तीवर रंगवून बायबलातील पात्रे आपल्या मातीत आणली, त्यांचाही उल्लेख केला पाहिजे. पुण्याच्या त्या साडी नेसवणाऱ्या चित्रकाराचे काम त्यांनी पुढे नेले असे आम्ही म्हणू.

तज्ज्ञ कदाचित विचारतील की खंडाळ्याच्या खडकाची जेरुसलेमच्या मंदिराशी काय तुलना? भिंत शास्त्राने मान्य, खडक केवळ लोकश्रद्धेचा. हा प्रश्न पांडित्याचा राहिला नाही, तो माणसांच्या आयुष्यावर आला. १९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. तेथे धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका काढली आणि इतरांशी त्यांच्या विवाहांस अडथळे आणले. पिढ्यानुपिढ्या ज्या नगराकडे तोंड करून प्रार्थना केली त्या नगरात आपण कोण हे सिद्ध करण्याची पाळी आली. मोर्चे, धरणी झाली. १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्व बाबतींत बरोबरीचे यहुदी असल्याचा ठराव केला. मराठी अक्षरांची हग्गादा, बिरड्याचा उपवास, खडकावरच्या चाकाच्या खुणा यांस तेव्हा परकेपणाची लक्षणे मानण्यात आले. वास्तविक तीच त्यांची निष्ठेची कागदपत्रे होती. ज्यांच्याजवळ पोथी नव्हती, दूत पोचत नव्हते, मंदिराचे छापील चित्रही कित्येक पिढ्या नव्हते, त्यांनी स्वयंपाकघर आणि डोंगर यांवर ते चित्र काढून ठेवले होते. सीमेच्या या बाजूस राहून आपल्या भाषेचा दाखला वारंवार द्यावा लागतो अशा आम्हां वाचकांस त्यातील बोच अधिक समजावून सांगण्याची जरूर नाही.

आज इस्राएलमध्ये बेने इस्राएलांचे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघालेले आहे. पश्चिम भिंत आता त्यांच्या आवाक्यात आहे. नातवंडे तेथे सहज जाऊन येतात. परंतु नवस फेडावयाचा असला म्हणजे त्यांच्यातील पुष्कळजण हैफा येथे कार्मेल डोंगरातील एलियाहूच्या गुहेकडे जातात. गुहा अनेक धर्मांच्या लोकांची, गर्दी नाना देशांतून आलेल्या यहुद्यांची. त्या गर्दीत एका कोपऱ्यात पोह्यांचे ताट मांडले जाते, त्यावर किसलेले खोबरे आणि फळे ठेवली जातात, आणि एलियाहूचे गाणे म्हटले जाते.